एक ओळ, दोन दिशा : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या घरची लग्नपत्रिका हातात आली. मजकूर उर्दूत, खाली मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांत, आपण सगळेच लिहितो तसा पाच-पाच आकड्यांत तोडलेला. तो फिरवला तर फोन भलत्याच घरी लागला. छापणाऱ्याने एकही आकडा चुकवला नव्हता. फाइलमध्ये नंबर अगदी बरोबर होता. कागदावर मात्र त्याच्या दोन अर्ध्यांनी जागांची अदलाबदल केली होती. शेवटचे पाच आकडे डावीकडे, पहिले पाच उजवीकडे.

शोध घेतला तेव्हा कळले की पत्रिका मांडणाऱ्या सॉफ्टवेअरने नियम मोडलेला नव्हता. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या परिच्छेदात दोन संख्यांमधली मोकळी जागा परिच्छेदाचीच दिशा धरते. मग पहिली संख्या उजवीकडे बसते आणि दुसरी तिच्या डावीकडे. त्या दहा आकड्यांचा मिळून एक नंबर होतो, हे त्या सॉफ्टवेअरला कोणी सांगितलेच नव्हते. या पुस्तकाची सुरुवात त्या पत्रिकेपासून झाली.

मजकुराला दोन क्रम असतात, एक साठवणीचा आणि एक दिसण्याचा. मराठी वाचकाला हे पटवून द्यायला लांब जावे लागत नाही. ‘किती’ हा शब्द घ्या. संगणकात क आधी साठवला जातो आणि पहिली वेलांटी नंतर, पण डोळ्यांना वेलांटी आधी दिसते. ‘सूर्य’मधला अर्धा र साठवणीत य च्या आधी असतो आणि दिसतो तो य च्या डोक्यावर, रफार होऊन. टंकलेखन यंत्रावर पहिली वेलांटी आधी दाबावी लागे, कारण यंत्राला दिसण्याचा क्रमच तेवढा ठाऊक होता. युनिकोडपूर्व फाँटांनी तीच सवय संगणकात आणली. त्या फाँटांत रचलेले पुस्तक युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक पहिली वेलांटी उचलून अक्षरानंतर नेऊन ठेवावी लागते, प्रत्येक रफार शोधून अक्षराआधी खेचावा लागतो. ते काम ज्याने केले आहे त्याला या पुस्तकाचा गाभा आधीच माहीत आहे. फरक एवढाच की आपल्याकडे दोन क्रमांतले अंतर एका जोडाक्षरापुरते असते. हिब्रू, अरबी, उर्दू, सिंधी यांच्याशी डावीकडून चालणारी लिपी मिसळली की ते अंतर अख्ख्या ओळीभर पसरते.

ही मिसळ नवी नाही आणि परकीही नाही. अशोकाच्या आज्ञा सोपाऱ्याच्या शिलाखंडांवर ब्राह्मीत डावीकडून उजवीकडे कोरल्या आहेत. शाहबाजगढीला त्याच राजाच्या आज्ञा खरोष्ठीत उजवीकडून डावीकडे जातात. आदिलशाही फर्मानांत एकाच कागदावर फारसी आणि मराठी नांदताना दिसतात. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहिले. असे पुस्तक म्हटले की वाक्य मराठी आणि त्याच्या पोटात हिब्रू शब्द, म्हणजे एकाच ओळीत दोन दिशा. पुढे १८७४ मध्ये पुण्यात बेने इस्रायल समाजासाठी हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचायचे ते पुस्तक. जुळारी खिळे हाताने लावत होता तोवर दिशेचा हिशेब त्याच्या बोटांत होता. कोणता शब्द कुठून सुरू करायचा हे तो जाणत होता आणि त्याला ते कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. संगणकाला मात्र सगळे सांगावे लागते. ते कसे सांगायचे याबद्दल तीन वेगवेगळे विचार झाले.

पहिला विचार सर्वांत सोपा : जसे दिसते तसेच साठवा. सुरुवातीच्या हिब्रू टर्मिनलांवर आणि पुढे वेबच्या पहिल्या काळातील बऱ्याच हिब्रू पानांवर हेच होते. पडदा फक्त डावीकडून अक्षरे ओततो, तर मग शब्दच उलटे करून ठेवावेत. यात शोध नीट चालत नाही, शब्दांची क्रमवारी लावता येत नाही आणि ओळीची रुंदी बदलली की सगळे कोसळते. उलटा साठवलेला परिच्छेद अरुंद पडद्यावर तोडला तर वाक्याचे शेवटचे शब्द पहिल्या ओळीवर येतात. आपल्या जुन्या फाँटांचा आणि या पद्धतीचा रोग एकच.

दुसऱ्या विचारात लेखकाने स्वतः खुणा करायच्या : इथून उजवीकडून, इथे संपले. डोनाल्ड क्नुथ आणि पिअर मॅके यांनी १९८७ मध्ये टेक या अक्षरजुळणी प्रणालीसाठी असा विस्तार मांडला. त्याचे नावही टेक आणि उलटे टेक जोडून केलेले होते. काळजीपूर्वक रचल्या जाणाऱ्या ग्रंथासाठी ही पद्धत आजही उत्तम आहे, कारण दिशा कोणाची हे लेखकापेक्षा जास्त कोणाला कळणार? पण निरोप टाइप करणारा माणूस प्रत्येक शब्दाभोवती खुणा करत बसणार नाही.

म्हणून तिसरा विचार आला : मजकूर वाचण्याच्या क्रमाने साठवा आणि दिशा अक्षरांवरूनच ओळखा. झेरॉक्समध्ये काम करणारे जोसेफ बेकर यांनी १९८४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये बहुभाषिक शब्दसंस्करणावर आणि १९८७ मध्ये अरबी शब्दसंस्करणावर लिहिले. पुढे युनिकोडची कल्पना मांडणाऱ्यांत तेच अग्रभागी होते. मॅकिंटॉशच्या अरबी आणि हिब्रू आवृत्त्यांवर काम केलेले मार्क डेव्हिस युनिकोडच्या द्विदिश अल्गोरिदमचे प्रमुख लेखक झाले. ही वाट एका दिवसात मोकळी झाली नाही. डिसेंबर १९९३ मध्ये हिब्रू-अरबी ईमेलसाठी जे तांत्रिक टिपण निघाले त्यात दिसण्याच्या क्रमाने पाठवलेला, खुणांनी दिशा सांगणारा आणि अक्षरांवर दिशा सोपवणारा अशा तिन्ही मजकुरांना वेगवेगळी नावे द्यावी लागली. तिन्ही पद्धती तेव्हा खरोखरच वापरात होत्या. आज तिसरा विचार जिंकला आहे आणि माझ्या मते न्यायाने जिंकला आहे. खुणांची गरज मात्र संपली नाही. लग्नपत्रिकेतल्या नंबरसाठी ती खूणच हवी होती.

युनिकोड मानकाच्या परिशिष्ट क्रमांक ९ मधला हा अल्गोरिदम प्रत्येक चिन्हाला एक वर्ग देतो. आज असे २३ वर्ग आहेत. मराठी, इंग्रजी, हिब्रू, अरबी अक्षरे प्रबळ. ती स्वतःची दिशा कोणालाही विचारत नाहीत. आकडे आणि त्यांच्यामधली काही चिन्हे दुबळी, मोकळ्या जागा आणि बरीचशी विरामचिन्हे तटस्थ. तटस्थ चिन्ह दोन्ही शेजाऱ्यांकडे पाहते. दोघे एका दिशेचे असतील तर त्यांच्यासोबत जाते, नसतील तर परिच्छेदाची दिशा धरते. उर्दू परिच्छेदाच्या मधोमध ‘सी++’ लिहून पाहा. सी प्रबळ, पण अधिकचिन्हांच्या एका बाजूला सी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू. म्हणून ती परिच्छेदाबरोबर जातात आणि दिसते ‘++सी’. कंस तर जागेबरोबर आपले रूपही बदलतात. उघडणारा कंस उजवीकडून चालणाऱ्या ओळीत आरशातल्यासारखा उलटा काढावा लागतो.

सगळ्यात जास्त घोडे अडते ते आकड्यांपाशी. १२-३-२०२४ ही तारीख इंग्रजी आकड्यांत, आडव्या रेघा घालून, हिब्रू वाक्यात लिहा. ती जशीच्या तशी दिसते. तीच तारीख उर्दू शब्दानंतर लिहा, ती २०२४-३-१२ अशी दिसते. कारण अरबी लिपीच्या अक्षरामागून येणाऱ्या इंग्रजी आकड्यांना अल्गोरिदम अरबी आकड्यांचा दर्जा देतो, आणि अरबी आकड्यांमधली आडवी रेघ त्यांना जोडून धरू शकत नाही. रेघेऐवजी तिरपा दंड घातला तर तारीख पुन्हा शाबूत राहते. ही लहर नाही. अरबी लिपीत संख्या आणि पदावल्या कशा लिहिल्या जातात त्या रूढीतून हा भेद आला आहे. पण नियम वाचलेला नसेल तर हे कोणाला सुचणार?

आणि देवनागरी आकडे? युनिकोडने त्यांना आकड्यांच्या वर्गात ठेवलेलेच नाही. ते क-ख-ग सारखेच प्रबळ, डावीकडून चालणारे आहेत. त्यामुळे लग्नपत्रिकेतला तोच नंबर देवनागरी आकड्यांत लिहिला असता तर त्याचे दोन अर्धे जागचे हलले नसते. उलट बाजूनेही हे खरे आहे. मराठी वाक्यात एखाद्या दुकानाचे नाव उर्दूत लिहा आणि पुढे एक रेघ घालून ‘३ शाखा’ लिहा. तीन हा आकडा देवनागरी असेल तर तो जागेवर राहतो. तोच इंग्रजी आकडा असेल तर नावाच्या डावीकडे उडी मारतो आणि ‘शाखा’ हा शब्द एकटाच उजवीकडे उरतो. मुंबई, मालेगाव, भिवंडी इथल्या ग्राहकांसाठी ॲप करणाऱ्या मराठी प्रोग्रामरला हा भेद रोज भेटू शकतो. मला स्वतःला तो समजायला फार उशीर झाला, म्हणून इथे त्यावर जरा रेंगाळलो.

अशा उड्या थांबवण्यासाठी सप्टेंबर २०१३ मध्ये युनिकोड ६.३ ने एक महत्त्वाची सोय आणली : मजकुराचा तुकडा अलग ठेवणाऱ्या अदृश्य खुणा. त्यांच्या आत काय आहे याचा बाहेरच्या मजकुरावर परिणाम होत नाही आणि बाहेरचा आत शिरत नाही. दुकानाचे नाव उर्दू आहे की मराठी हे आधी ठाऊक नसले तरी चालते, खूण आतले पहिले प्रबळ अक्षर पाहून दिशा ठरवते. त्याच आवृत्तीत कंसांच्या जोड्या ओळखण्याचा नियम आला आणि दिशेत दिशा गुंतवण्याची मर्यादा ६१ पातळ्यांवरून १२५ वर गेली. एचटीएमएलमधील ‘बीडीआय’ हा टॅग तेच अलगीकरण वेबवर करतो. माझे मत स्पष्ट आहे : वापरकर्त्याने दिलेले कोणतेही नाव, पत्ता वा नंबर वाक्यात घालताना त्याला अलग ठेवणे हा अपवाद नसावा, सवय असावी.

इथपर्यंतचे ज्ञान एका परिशिष्टात मिळते. पुस्तक लिहावेसे वाटले ते पुढच्या टप्प्यामुळे. अल्गोरिदम प्रत्येक चिन्हाला एक पातळी देतो. सम पातळी डावीकडून, विषम पातळी उजवीकडून. पण पातळ्या म्हणजे चित्र नव्हे. मधे फाँट निवडायचा असतो, अक्षरांची घडण करायची असते, ओळी तोडायच्या असतात. ही कामे आज वेगवेगळ्या लायब्रऱ्यांत वाटली गेली आहेत. पातळ्या काढायला फ्रिबिडी किंवा आयसीयू. अक्षरे जोडून योग्य ग्लिफ, म्हणजे फाँटमधली प्रत्यक्ष चित्रे, निवडायला हार्फबझ. हार्फबझ दिशा ठरवत नाही. त्याला एकाच दिशेचा, एकाच लिपीचा, एकाच फाँटचा तुकडा द्यावा लागतो. ते तुकडे पाडून पुन्हा सांधण्याचे काम पँगो किंवा राक्म यांच्यासारख्या लायब्रऱ्या करतात, किंवा मग तुम्हाला स्वतः करावे लागते.

चुका बहुतेक या सांध्यांवरच होतात. पातळ्या काढायच्या त्या संपूर्ण परिच्छेदावर. उलटवायचे मात्र एकेका ओळीला, तेही ओळी तोडून झाल्यावर. ओळी तोडायला रुंदी हवी, रुंदीसाठी घडण आधी झालेली हवी, आणि घडण दिशा कळल्याशिवाय होत नाही. म्हणून दिशा सर्वांत आधी ठरते आणि तिचा परिणाम सर्वांत शेवटी दिसतो. ज्यांनी इंग्रजीपुरती लायब्ररी लिहून दिशा नंतर चढवायचे ठरवले त्यांना बहुधा तळापासून पुन्हा बांधावे लागते, कारण डावीकडून मोजलेले प्रत्येक अंतर आणि प्रत्येक ओळीची सुरुवात त्यांनी एकाच क्रमावर उभी केलेली असते.

आणखी एक चूक मी स्वतः केली आहे. हार्फबझ उजवीकडून चालणाऱ्या तुकड्याचे ग्लिफ दिसण्याच्या क्रमानेच परत देते, आणि कंसही तेच उलटे करून देते. मी ते न वाचता पुन्हा उलटवले. उर्दू शब्द सुट्या अक्षरांची माळ होऊन उलट्या दिशेने सांडले, आणि मी दोन दिवस फाँटला दोष देत राहिलो. उलटवायचे ते तुकड्यांचे क्रम, तुकड्यांच्या आतले ग्लिफ नव्हेत. हे वाक्य तेव्हा कोणी मराठीत सांगितले असते तर ते दोन दिवस वाचले असते.

कर्सरचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. मराठी आणि उर्दू जिथे भेटतात तिथे साठवणीतले एकच स्थान पडद्यावर दोन जागी दिसते : पुढचे अक्षर मराठी असेल तर इथे, उर्दू असेल तर तिथे. काही प्रणाली कर्सर दुभंगून दोन्ही जागा दाखवतात, काही कीबोर्डच्या भाषेवरून एक निवडतात. डावा बाण दाबला की कर्सरने डोळ्यांना डावीकडे जावे की मजकुरात मागे जावे, यावर आजही एकमत नाही. निवडलेला मजकूर साठवणीत सलग असूनही पडद्यावर दोन तुकड्यांत रंगलेला दिसू शकतो. इथे अल्गोरिदम आपल्याला सोडून देतो आणि लायब्ररी लिहिणाऱ्याला स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो. पुस्तकातला सर्वांत जास्त वेळ मी या प्रश्नावर दिला आहे.

आज हे का शिकायचे? एक तर मजकूर मांडणारी नवी सॉफ्टवेअर पुन्हा पायापासून लिहिली जात आहेत : रस्टमधली पडदे रचणारी साधने, गेम इंजिने, टर्मिनल, पीडीएफ तयार करणारी साधने. प्रत्येकात हा प्रश्न नव्याने येतो. दुसरे, उजवीकडून चालणाऱ्या लिप्या जुन्यापुराण्या नाहीत. गिनीमधल्या दोन भावंडांनी फुलानी भाषेसाठी घडवलेली अदलम लिपी २०१६ मध्ये युनिकोडमध्ये आली. तिसरे, प्रश्न सुरक्षेचाही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिले की दिशेच्या अदृश्य खुणा प्रोग्रामच्या टिप्पणीत लपवल्या तर तपासणाऱ्या माणसाला एक कोड दिसतो आणि कंपायलर दुसराच वाचतो. त्यानंतर रस्ट आणि जीसीसीच्या कंपायलरांनी अशा खुणांबद्दल इशारे द्यायला सुरुवात केली. साठवणीचा आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो, हे ज्याला ठाऊक नाही तो अशा कोडवर सहज सही करेल.

आणि आपल्यापुरते आणखी एक कारण. बालभारती उर्दू आणि सिंधी माध्यमाचीही पाठ्यपुस्तके काढते. उर्दू गणिताच्या पुस्तकात संख्या, समीकरणे आणि वाक्ये एकाच ओळीत येतात. ती ओळ चुकली तर मूल उत्तर चुकवते आणि दोष स्वतःकडे घेते. सॉफ्टवेअरच्या चुकीची किंमत शाळकरी मुलाने मोजावी, हे मला सहन होत नाही.

या पुस्तकात एक छोटी मांडणी-लायब्ररी मोकळ्या फाइलपासून उभी केली आहे. ती बाजारातल्या लायब्रऱ्यांची जागा घेण्यासाठी नाही. त्यांच्या आत काय चालते ते स्वतःच्या हाताने करून समजावे, एवढाच तिचा हेतू आहे. उदाहरणे मराठी-उर्दू आणि मराठी-हिब्रू आहेत, कारण इंग्रजी-अरबीची उदाहरणे अन्यत्र पुष्कळ सापडतात आणि देवनागरीची वागणूक त्यांत दिसत नाही. देवनागरीची घडण स्वतःच गुंतागुंतीची असल्याने एकाच ओळीत दोन्ही कसोट्या लागतात. उभ्या लिप्या, म्हणजे मंगोलियन किंवा जपानीची उभी मांडणी, मी मुद्दाम बाहेर ठेवली आहे. तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. फाँट कसा घडवावा हेही इथे नाही. वाचकाला एखादी प्रोग्रामिंग भाषा येते एवढे गृहीत धरले आहे. उर्दू किंवा हिब्रू वाचता येण्याची गरज नाही, पण अक्षरे ओळखण्याइतका सराव केलात तर चुका डोळ्यांना लगेच दिसतील. युनिकोडने कसोटीसाठी दोन मोठ्या चाचणी-फाइली मोफत दिल्या आहेत. आपली लायब्ररी त्यांतून पार झाल्याशिवाय ती द्विदिश मजकूर हाताळते असे कोणी म्हणू नये, मीसुद्धा.

शेवटी एक विनंती. पुस्तकातली लायब्ररी वापरताना किंवा दुसरी कोणतीही वापरताना एखादी ओळ चुकीची दिसली, तर कळवताना केवळ पडद्याचा फोटो पाठवू नका. फोटोत दिसण्याचा क्रम असतो, साठवणीचा नसतो. मूळ मजकूर त्याच्या युनिकोड क्रमांकांसह आणि अदृश्य खुणांसकट पाठवा, परिच्छेदाची दिशा कोणती ठेवली होती ते लिहा, आणि ती ओळ कशी दिसायला हवी होती हे ती भाषा वाचणाऱ्या माणसाला विचारून लिहा.